स्मरणाचा सराव आणि अवधानाची अडचण

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत असून, झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीपासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, आणि सफदरजंग रुग्णालय ही देशातील दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये जवळच आहेत. महाराष्ट्रातून बदलीवर आलेली कुटुंबे दिल्लीतील अशा सरकारी वसाहतींमध्ये वर्षानुवर्षे राहत आली आहेत, आणि अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या किंवा एका जागी न बसणाऱ्या मुलाची शास्त्रशुद्ध तपासणी त्यांच्या जितकी आटोक्यात आहे तितकी देशाच्या फार थोड्या भागांतील पालकांच्या असेल. तरीही पालकांपर्यंत बहुधा डॉक्टरच्या आधी जाहिरात पोहोचते, आणि ती सांगते की मुलाने रोज अर्धा तास पडद्यावरचे ठरावीक खेळ खेळले, तर मेंदूला व्यायाम होऊन एकाग्रता वाढेल. या आश्वासनाच्या मुळाशी असलेले संशोधन बनावट नाही, ते नामवंत प्रयोगशाळांत झालेले आहे. परंतु त्यातून जे सिद्ध झाले आणि जे विकले जाते त्यांत मोठे अंतर आहे.

या संशोधनाच्या केंद्रस्थानी कार्यरत स्मृती ही संकल्पना आहे. एखादी माहिती काही सेकंद मनात धरून ठेवणे आणि त्याच वेळी तिच्यावर काही काम करणे, या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. सत्तावीसला चाराने गुणण्याचे तोंडी गणित घेतले, तर सात चोक अठ्ठावीस, आठ मांडले, हातचे दोन. दोन चोक आठ, त्यात हातचे दोन मिळवून दहा, म्हणून उत्तर एकशे आठ, अशा पायऱ्या मनातल्या मनात कराव्या लागतात, आणि त्या चालू असताना मांडलेला आठ व हातचे दोन जिथे सांभाळले जातात ती कार्यरत स्मृती होय. ज्याचे तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत त्याला मात्र सत्तावीस चोक अठ्ठोत्तरशे हे दीर्घकालीन स्मृतीतून आयतेच मिळते आणि हातचा सांभाळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाठांतर कार्यरत स्मृतीची जागा वाढवीत नाही, ते तिच्यावरचा भार कमी करते. हा भेद पुढील सर्व विवेचनात महत्त्वाचा आहे.

ही जागा फार तोकडी असते. जोसेफ जेकब्स यांनी 1887 मध्ये ऐकलेले आकडे क्रमाने परत सांगण्याची चाचणी वापरली, जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ही मर्यादा साधारण सात घटकांची मानली, तर नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ती चाराच्या आसपासच असल्याचे प्रतिपादन केले. मधल्या काळात, 1974 मध्ये, ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ध्वनिरूप माहिती धरणारा एक भाग, दृश्य माहिती धरणारा दुसरा, आणि या दोहोंवर देखरेख करून अवधान कोठे द्यायचे ते ठरविणारा तिसरा, अशी कार्यरत स्मृतीची रचना मांडली. अवधान आणि कार्यरत स्मृती यांचा संबंध इतका निकटचा आहे की एकीचे प्रशिक्षण दिल्यास दुसरे सुधारेल ही आशा याच रचनेतून निर्माण झाली.

मराठी भाषकांच्या प्रदेशात या क्षमतेचे मापन नवे नाही. धारवाडच्या वि. वा. कामत यांनी 1930 च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे कानडी व मराठी रूपांतर केले, आणि नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्राशी संबंधित असलेल्या फादर मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा कसोट्यांमध्ये परीक्षक सेकंदाला एक या गतीने आकडे उच्चारतो, मूल ते आधी त्याच क्रमाने आणि नंतर उलट क्रमाने सांगते. सात, दोन, नऊ ऐकून नऊ, दोन, सात म्हणणे मोठ्यांना क्षुल्लक वाटते, परंतु त्यासाठी तीन आकडे धरून ठेवावे लागतात, त्यांची मांडणी फिरवावी लागते आणि मधल्या काळात खिडकीबाहेरच्या हॉर्नकडे लक्ष जाऊ न देण्याची शिकस्त करावी लागते.

अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा विकार, ज्याला वैद्यकात आणि आता शाळांतही एडीएचडी म्हणतात, मेंदूच्या विकासाशी निगडित आहे. अशा मुलांचे वर्णन ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्ये केले होते, मात्र सध्याचे नाव 1987 मध्ये रूढ झाले. प्रचलित निकषांनुसार लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. केवळ गृहपाठाला कंटाळणारे मूल या व्याख्येत बसत नाही. निदान पडताळण्यासाठी भारतीय मुलांकरिता दिल्लीच्या इन्क्लेन संस्थेच्या पुढाकाराने एक साधन तयार झाले आणि त्याची पडताळणी 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. याच संस्थेच्या पाच प्रदेशांतील सर्वेक्षणात उत्तर गोव्याचाही समावेश होता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये एडीएचडीसह मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित कोणता ना कोणता विकार असलेल्यांचे प्रमाण 13.6 टक्के होते. ही संख्या लहान नाही, आणि तिच्यामागे वर्गात रोज बोलणी खाणारी मुले आहेत.

या विकाराच्या अनेक मुलांची, सर्वांची नव्हे, कार्यरत स्मृती कमकुवत आढळते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी याच निरीक्षणावरून संगणकीय प्रशिक्षण तयार केले. पडद्यावरील चौकटीत एकामागून एक दिवे लागतात, मुलाने ते त्याच क्रमाने दाबायचे असतात, उत्तर बरोबर आले की पुढच्या वेळी दिव्यांची संख्या वाढते आणि चुकले की कमी होते, त्यामुळे मूल सतत आपल्या क्षमतेच्या सीमेवर काम करीत राहते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात औषधे न घेणारी सात ते बारा वर्षांची 53 मुले होती, आणि तुलनेच्या गटाला तेच खेळ सोप्या पातळीवर दिले गेले. प्रशिक्षित मुलांची स्मृतीच्या चाचण्यांत प्रगती झाली, पालकांनी लक्षणे घटल्याचे नोंदविले. शिक्षकांच्या नोंदींत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. शिक्षकांच्या या नोंदीकडे तेव्हाच अधिक गांभीर्याने पाहिले गेले असते, तर पुढची काही वर्षे वाचली असती. तसे झाले नाही. कॉगमेड या नावाने हा कार्यक्रम बाजारात आला आणि अनेक देशांत पसरला.

पुढे जे प्रयोग झाले त्यांचा रोख एका प्रश्नावर होता. एका कामाचा सराव केल्यावर वेगळ्या कामातही सुधारणा होणे याला शिक्षणशास्त्रात संक्रमण म्हणतात. सरावाशी मिळत्याजुळत्या कामातली सुधारणा हे निकटचे संक्रमण, आणि वाचन, गणित, वर्गातील वर्तन यांतली सुधारणा हे दूरचे. मोनिका मेल्बी-लेर्वॉग आणि चार्ल्स ह्यूम यांनी 2013 मध्ये उपलब्ध प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा निकटचे संक्रमण आढळले, तेही अल्पकाळ टिकणारे. दूरचे आढळले नाही. त्याच वर्षी एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी एडीएचडीवरील औषधांविना उपचार तपासले. मुलाला कोणता उपचार मिळाला हे माहीत असलेल्यांचे मत धरले तर बौद्धिक प्रशिक्षणाचा लाभ दिसत होता, परंतु ते बहुधा माहीत नसलेल्यांच्या नोंदी घेतल्या की तो लाभ जवळजवळ नाहीसा होत होता. पाच आठवडे मुलाशेजारी बसून कष्ट घेतलेल्या आईला मूल सुधारलेले वाटणे यात तिचा काहीही दोष नाही. म्हणूनच नोंद करणाऱ्याला उपचार ठाऊक नसणे हा अशा संशोधनाचा प्राण आहे.

याच प्रकारच्या प्रशिक्षणाचा मेलबर्नमधील एक प्रयोग तर अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे 44 शाळांतील पहिलीच्या 1723 मुलांची चाचणी घेऊन कार्यरत स्मृती कमी असलेल्या 452 मुलांची निवड झाली, आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने त्यांतील निम्म्यांना शाळेच्या वेळात वीस ते पंचवीस सत्रांचे प्रशिक्षण देण्यात आले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर वाचन व शुद्धलेखन यांत कोणताही लाभ नव्हता, आणि प्रशिक्षित मुलांचे गणित दुसऱ्या गटापेक्षा किंचित मागेच होते. संगणकासमोर बसविण्यासाठी त्यांना ज्या वर्गातून उठविले गेले, तो वर्ग बुडाला, ही त्याची एक संभाव्य कारणमीमांसा आहे.

भारतीय पालकांच्या दृष्टीने याहून जवळचा पुरावा बडोद्याचा आहे. मनातल्या मनात मणी सरकवून हिशोब करण्याच्या ॲबॅकसच्या वर्गांना मराठी मध्यमवर्गात मोठी मागणी असून, त्यांच्या पत्रकांवर स्मरणशक्ती व एकाग्रता वाढेल असे सर्रास छापलेले असते. डेव्हिड बार्नर, मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बडोद्याच्या एका शाळेत पाच ते सात वर्षांची 204 मुले घेऊन तीन वर्षे हा दावा तपासला. एका गटाला ॲबॅकस आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या पद्धतीचे जादा गणित शिकविण्यात आले. 2016 च्या या अहवालानुसार ॲबॅकस शिकलेल्या मुलांचे अंकगणित खरोखर अधिक सुधारले, परंतु कार्यरत स्मृतीसारख्या मूलभूत क्षमता वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट, ज्यांची दृश्य कार्यरत स्मृती मुळातच चांगली होती त्यांनाच या पद्धतीचा फायदा अधिक झाला. जे शिकविले ते आले, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. हिशोब येण्यासाठी ॲबॅकस लावणाऱ्या पालकांची त्यात फसवणूक नाही, एकाग्रतेच्या आशेने लावणाऱ्यांची निराशा मात्र अटळ आहे.

अमेरिकेत ल्युमॉसिटी या मेंदू-खेळांच्या कंपनीला सिद्ध न झालेल्या दाव्यांबद्दल जानेवारी 2016 मध्ये वीस लाख डॉलर भरावे लागले. दुसरीकडे, 2020 च्या जूनमध्ये तेथील औषध प्रशासनाने आठ ते बारा वर्षांच्या एडीएचडीग्रस्त मुलांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या एका व्हिडिओ खेळाला परवानगी दिली. 348 मुलांवरील चाचणीत त्या खेळाने संगणकावरील अवधानचाचणीतील गुण वाढविले, पण पालकांनी नोंदविलेल्या लक्षणांत खेळणारा गट आणि तुलनेचा गट यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे परवानगी मिळाली तरी मूळ प्रश्न तेथेच राहिला.

उपचार नाहीत असा याचा अर्थ मुळीच नाही. अमेरिकेतील सहा केंद्रांवरील 579 मुलांच्या अभ्यासात, जो 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, नीट देखरेखीखाली दिलेली औषधे चौदा महिन्यांच्या काळात मुख्य लक्षणांवर सर्वांत परिणामकारक ठरली, आणि औषधांना वर्तनोपचाराची जोड दिली असता काही सहवर्ती अडचणींतही सुधारणा दिसली. हा फरक पुढील वर्षांत ओसरला हेही त्याच मुलांच्या पाठपुराव्यातून कळले, म्हणून उपचार एकदा ठरवून सोडून देता येत नाहीत. मेथिलफेनिडेट हे यांपैकी प्रमुख औषध भारतात नियंत्रित यादीत असून ते तज्ज्ञांच्या सल्ल्याने व देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. त्याच्या जोडीला स्मृतीचा भार हलका करण्याचे उपाय आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा ओट्यावर ठेव आणि वही घेऊन बस, अशा चार सूचना एका दमात दिल्या तर यांतल्या बऱ्याच मुलांच्या हातून पहिलीच पार पडते, आणि उरलेल्या तीन उद्धटपणात जमा होतात. त्याच सूचना एकेक करून दिल्या किंवा दारामागे कागदावर लिहून लावल्या, तर त्या धरून ठेवण्याचे काम कागद करतो. वर्गात पहिल्या बाकावर जागा, फळ्यावर लिहिलेल्या पायऱ्या, लांब गणिताचे तुकडे आणि पाढ्यांचे नियमित पाठांतर ही त्याच जातीची मदत आहे.

शाळेकडून ती मागताना मात्र अडचण येते, कारण दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आहेत, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. ही उणीव दूर व्हायला हवी. तोवर बदलीच्या नोकरीतील कुटुंबांवर, लक्ष्मीबाई नगरातील असोत की अन्यत्रची, एक जादा काम येऊन पडते: दिल्लीत झालेल्या तपासणीचा अहवाल, औषधाच्या मात्रेत झालेले बदल आणि जुन्या वर्गशिक्षकांनी कोणत्या पद्धतीने शिकविले असता मूल ऐकत असे याची लेखी नोंद, ही सगळी कागदपत्रे मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढच्या गावच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात पोहोचवावी लागतात, नाहीतर तेथे सारी तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि मुलाचे एक शैक्षणिक वर्ष त्यातच निघून जाते.