रूळ गेले, वाट राहिली

आगगाडी बंद पडल्यावर मार्गाचे काय होते, हे आपल्याकडे वेगळे सांगावयास नको. स्थानकाला कुलूप लागते, रूळ उचलले जातात आणि मधली जमीन हळूहळू कोणाच्या तरी बांधात जाते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो प्रांतात मात्र तसे घडले नाही.

मिडलमार्च ते क्लाइड ही तेथील १५२ किलोमीटरची वाट आज सायकलस्वारांची आहे. लोहमार्गाचे काम १८७९ मध्ये सुरू झाले. क्लाइडपर्यंत गाडी पोहोचावयास १९०७ साल उजाडले. पुढे मोटारींमुळे तिचे महत्त्व ओसरले. क्लाइड धरणाचे साहित्य वाहण्यासाठी ती काही काळ तगली आणि १९९० मध्ये बंद झाली. १९९३ मध्ये सरकारच्या संवर्धन खात्याने रुळांखालची सारी पट्टी एकसंध ताब्यात घेतली. खरी दूरदृष्टी दिसते ती येथे. तुकड्यांनी विकलेली जमीन पुन्हा जोडणे किती कठीण, हे महसूल खात्यातील मंडळी जाणतातच. लगतच्या अनेक शेतकऱ्यांचा प्रारंभी विरोध होता. आपल्या कुरणांमधून परकी माणसे जाणार, ही त्यांची शंका गैर म्हणता येणार नाही. पुलांवर फळ्या बसल्या, बारीक खडी पसरली गेली आणि २००० साली संपूर्ण वाट खुली झाली.

ती पाहावी ओतुरेहुआ ते लॉडर या टप्प्यात. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. पण दिवस पुरत नाही. ओतुरेहुआजवळ अर्नेस्ट हेज यांचा जुना कारखाना जतन केलेला आहे. कुंपणाची तार ताणण्याचे त्यांचे अवजार दूरवर गेले. त्यांच्या पत्नी हॅना या दुर्गम मळ्यांवर सायकलने फिरून मालाची मागणी गोळा करीत. या वाटेवर सायकल आली ती अशी फार पूर्वीच!

पुढे आयडा खोऱ्यातून रस्ता सरळ जातो. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे. त्यामुळे ५० फुटांत १ फुटाहून अधिक चढ कोठेच नाही. उतारवयाचा प्रवासीही गप्पा मारीत पायडल मारू शकतो. दोन्ही बाजूंना पिवळे गवत, मेंढ्या आणि वारा. वारा समोरून आला तर गप्पा आपोआप थांबतात.

मग पूलबर्नची घळ लागते. ३७ मीटर उंचीचा पूल स्थानिक दगडाच्या खांबांवर उभा आहे. त्यामागून दोन बोगदे येतात, प्रत्येकी दोनशे मीटरांहून लांब. आत दिवे नाहीत. विजेरी घेऊन सायकल हाती धरून चालावे लागते. पुढच्याचा आवाज भिंतींवरून परत येतो. बाहेर पडताच खाली मॅनुहेरिकिया नदी दिसते.

दुपार कलता लॉडर येते. गाव लहानसे. तेथे जेवण मिळते, मुक्कामाची सोयही होते. या वाटेवरील काही शेतकरी कुटुंबेच आता पाहुण्यांना खोल्या देतात. मार्गातील फाटक मात्र प्रत्येकाने आपल्यामागे लावून घ्यावयाचे असते.