एका पलटणीचे नाव
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



‘महार रेजिमेंट’ हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होते. जातिअंताची भाषा बोलणाऱ्यांनी जातीच्या नावाच्या पलटणीचा अभिमान कसा बाळगावा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागेल.

‘महार’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. रा. गो. भांडारकरांनी तो ‘मृताहार’ या शब्दाशी जोडला. जोतीराव फुल्यांनी ‘महाअरि’, म्हणजे मोठा शत्रू, असा अर्थ लावला. गावगाड्यात मात्र त्याचा अर्थ ठरलेलाच होता : वेशीची राखण, सांगावे पोचविणे, सरकारी बोजे वाहणे, आणि मोबदला म्हणून बलुत्याची भाकर व तुटपुंजे वतन.

लष्करात त्याच माणसाला रोख पगार आणि निवृत्तिवेतन मिळू लागले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी लढलेल्या मुंबईच्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पलटणीच्या नावात ते नव्हते. पुढे ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त पुढे करून १८९० नंतरच्या दशकात त्यांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. १९१७ साली महायुद्धाची निकड भासताच १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. श्रमिकांच्या राखीव फौजेविषयी मार्क्सने जे सांगितले, ते इथे खऱ्याखुऱ्या फौजेत दिसते.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावी महार रेजिमेंटची पहिली तुकडी उभी राहिली. तिच्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. याच आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. यात विसंगती नाही. जन्माने लादलेली वेठ मोडणे आणि जन्मामुळे नाकारलेला रोजगार मिळविणे, ही एकाच लढ्याची दोन अंगे होत. ज्या नावाने दार बंद झाले, त्याच नावाने ते उघडून घेतले गेले.

आज या रेजिमेंटमध्ये इतर समाजांचेही जवान आहेत. जातिवाचक नावे एक दिवस जावीत, हे मलाही मान्य आहे. पण ती जायची तर राजपूत, जाट, महार अशी सारीच एकदम जावीत. आरंभ नेमका या नावापासून नको. आणि तोवर, गटारात उतरणाऱ्या कामगाराची जात आजही बहुधा ठरलेली असते, तिकडे आधी लक्ष द्या.