किशोर पारेख : कुणी न पाठवलेला छायाचित्रकार



मी सॉफ्टवेअर इंजिनियर. फोटो क्षणात हजारो लोकांपर्यंत कसा पोचतो, हे मला ठाऊक आहे. तो काढायला काय लागतं, हे मात्र किशोर पारेख यांच्याकडून कळतं.

ते मूळचे भावनगरचे. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चित्रपटनिर्मिती शिकले, पण परतल्यावर वळले वृत्तछायाचित्रणाकडे. 'हिंदुस्तान टाइम्स'चे मुख्य छायाचित्रकार म्हणून त्यांनी बिहारचा दुष्काळ टिपला. १९७१ मध्ये कुणी काम दिलेलं नसताना ते बांगलादेश युद्धात गेले. जेमतेम दोन आठवड्यांच्या त्या कामातून ६७ छायाचित्रांचं पुस्तक झालं.

मारणारं सैन्य मुस्लिम देशाचं होतं. मरणाऱ्यांत मुसलमान होते, हिंदूही होते. 'आपला' कोण ते पाहून हळहळणाऱ्यांना ही चित्रं अडचणीत टाकतात.

आज दंगलीचा फोटो मोबाइलवर आला की आपण आधी विचारतो, मेलेला कुणाचा? मग जुना, परगावचा फोटोही खपून जातो. त्याऐवजी विचारू या : कुठला, कधीचा, कुणी काढलेला? आणि हळहळ वाटायला मेलेल्याचं नाव कळण्याची वाट पाहू नये, एवढंच माझं सांगणं.