स्प्रिंगचा तक्ता कुठवर?

स्प्रिंग जेवढी ताणाल किंवा दाबाल तेवढं तिचं बळ, हा रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये मांडलेला नियम आपण सगळेच शाळेत शिकलो. घाटातून माल वाहणाऱ्या ट्रकची मागची स्प्रिंग मात्र त्यात बसत नाही. तिच्या मुख्य पाट्यांवर हेल्पर पाटे असतात. गाडी रिकामी असताना ते मोकळे राहतात. माल भरला, मुख्य पाटे दबले, की हेल्परची टोकं चॅसीच्या ब्रॅकेटला टेकतात आणि स्प्रिंग एकाएकी कडक होते.

संगणकावर डिझाइन तपासताना अशी स्प्रिंग एका आकड्यात सांगता येत नाही. किती दबली तर किती बळ, असा तक्ताच द्यावा लागतो. समजा, पहिले 60 मिलिमीटर दर मिलिमीटरला 200 न्यूटन लागतात, म्हणजे 12,000 न्यूटन. पुढे हेल्परसकट दर मिलिमीटरला 350. मग 80 मिलिमीटरला बळ भरतं 19,000 न्यूटन. आता कुणी तक्ता 60 वरच थांबवला आणि खड्ड्यात चाक आदळून स्प्रिंग 80 पर्यंत दबली, तर? ॲबॅकस हे सॉफ्टवेअर तक्त्याबाहेर शेवटचंच बळ कायम धरतं: 12,000. ॲन्सिस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला कॉम्बिन-39 हा स्प्रिंगचा घटक शेवटचा उतार पुढे चालवतो: 16,000. तक्ता तोच, उत्तरं दोन, आणि दोन्ही खऱ्यापेक्षा कमी! या आकड्यांवर बेतलेलं ब्रॅकेट रस्त्यावर तडकू शकतं, आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसतं. मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

हेल्पर टेकतो तिथे आलेखाला कोपरा येतो. सॉफ्टवेअर उताराच्या आधाराने उत्तर शोधत असल्यामुळे तिथे अडखळतं. अशा वेळी भाराची पावलं लहान करावीत, कोपऱ्याजवळ मोजलेले बिंदू दाट द्यावेत.

आणखी एक. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे भार चढवताना लागतं त्यापेक्षा उतरवताना बळ कमी भरतं. बहुतेक जण चढतीचीच रेघ घेऊन मोकळे होतात. तरुण इंजिनिअर मित्रांनो, चाचणीवाल्यांकडून चढती-उतरती दोन्ही मोजून घ्या, आणि अॅक्सल रबरी बंपरला टेकून बंपर पुरता दबेपर्यंत मोजायला सांगा.