जागेवरचे औषध



वाळूजच्या कारखान्यांत रुळलेली ‘फाइव्ह एस’ ही जपानी पद्धत साधी आहे : नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, स्वच्छता राखा, सर्वांसाठी एकच रीत ठरवा, ती अंगवळणी पाडा. कोलंबोच्या कॅसल स्ट्रीट महिला रुग्णालयाने ती २००० साली स्वीकारली.

आम्हाला ती एका रात्रीने शिकवली. पाड्यावरून सर्पदंश झालेला मुलगा आणला. लस होती, पण जुन्या खोक्यांमागे. शोधण्यात दहा मिनिटे गेली. मुलगा वाचला, पण दारात उभ्या त्याच्या आईची नजर मी विसरलो नाही.

आता प्रत्येक खणावर नावासोबत चित्र आहे. वाचता न येणाऱ्या मावशीही नेमकी वस्तू काढून देतात. कोसभर चालत आलेल्याला आपल्या कपाटापाशी ताटकळत ठेवू नये, इतकेच.