मुलांची परीक्षा आणि शाळेची परीक्षा

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



नागपुरापासून पाऊणशे किलोमीटरांवर असलेल्या वर्ध्याला २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. परिषदेने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल दिला. टकळी आणि चरखा ह्यांच्यामुळे तो अहवाल लोकांच्या स्मरणात राहिला. परीक्षेविषयी त्यात जे म्हटले होते, ते मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले. प्रचलित परीक्षापद्धती हा शिक्षणाला लागलेला शाप आहे, असे समितीचे मत होते. निरीक्षकांनी निवडक मुलांची पाहणी करून शाळांचे काम तपासावे, असे तिने सुचविले. एखाद्या वर्गातील बरीच मुले मागे पडली तर त्या शिक्षकाच्या कामाकडे पाहावे. सबंध शाळा मागे पडली तर तिच्या कारभाराची तपासणी व्हावी. आणि सर्वच शाळांतील एखादी इयत्ता मागे पडली तर अभ्यासक्रम व अपेक्षा ह्यांतच दोष आहे असे मानावे, असा त्या विचाराचा क्रम होता. मुलाच्या उत्तरपत्रिकेतून निघालेला प्रश्न असा वरवर चढत राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचावयाचा होता.

आज तो प्रश्न उलट दिशेने उतरताना दिसतो. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला. मुलाला काय समजले ह्याचे सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, अशी तरतूद त्याच्या २९ व्या कलमात आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये तसा शासननिर्णय काढला. आकारिक आणि संकलित मूल्यमापन हे शब्द तेव्हापासून प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी बसले. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला पुन्हा त्याच वर्गात बसविण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपले नियम त्याप्रमाणे बदलले. पहिल्या परीक्षेत जे मूल उतरत नाही, त्याला अधिक मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत पुन्हा बसवावयाचे, आणि तेव्हाही ते उतरले नाही तर मागे ठेवावयाचे. चार-पाच वर्षांत शाळेकडून जे झाले नाही, ते दोन महिन्यांत झाले नाही म्हणून शिक्षा मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलाने भोगावयाची!

ह्यावर असे म्हटले जाते की, नापास होण्याचे भय गेले आणि शिक्षण ढासळले. ह्या आक्षेपाला तुच्छतेने उडवून लावणे बरे नव्हे. मुलाला अक्षरओळखही नीट नसताना वर्गामागून वर्ग पुढे ढकलणे हाही त्याच्यावरचा अन्यायच आहे, आणि गरीब पालकांना तो कळतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांच्या पाचवीतील ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. पण न शिकविता पुढे ढकलणे आणि न शिकविता मागे ठेवणे ही एकाच दुर्लक्षाची दोन रूपे आहेत. दोन्हींत मुलाला काय अडले हे कोणी विचारीतच नाही.

हे विचारणे म्हणजेच मूल्यमापन. ‘पंचवीस’ हा शब्द ऐकून एखादे मूल ५२ लिहिते. मराठीत पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून; मुलाने जसे ऐकले तसे लिहिले. दुसरे मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ हे उत्तर काढते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याला वजाबाकी येते. दशक सुटा करून एककांत मिळवावयाचा असतो, एवढेच त्याला उमगलेले नाही. लाल शाईची फुली दोघांनाही सारखेच शून्य देते. जाणता शिक्षक मात्र पहिल्याला दशक-एककाच्या घरांत काड्यांचे गठ्ठे मांडावयास लावील, आणि दुसऱ्याला एक गठ्ठा सोडावयास सांगेल. चूक वाचता आली की दुसऱ्या दिवशीचा पाठ आपोआप ठरतो.

ह्याला पुरावा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉल ब्लॅक व डिलन विल्यम ह्यांनी १९९८ साली सुमारे अडीचशे अभ्यासांचा आढावा घेतला. शिकविता शिकविता मुलांचे आकलन तपासून त्याप्रमाणे अध्यापन बदलले तर सर्वच मुलांना लाभ होतो, आणि मागे पडलेल्यांना तो अधिक होतो, असे त्यांना आढळले. मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ ह्या काळात ‘बालसखी’ हा प्रयोग झाला. तिसरी-चौथीतील मागे राहिलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणित मुळापासून शिकवी. मुलांची प्रगती झाली. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तो लाभ पुष्कळसा ओसरला. त्या तरुणींना महिन्याकाठी पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. पद्धत योग्य होती. परंतु तुटपुंज्या मानधनावरची तात्पुरती माणसे कायम शिक्षकाची जागा भरून काढू शकत नाहीत, हाही त्या प्रयोगाचा धडा आहे.

मग आपल्या शाळांत हे का होत नाही? साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोनच शिक्षक मिळतात. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, हे गणित मंत्रालयातल्या कोणीही सोडवून दाखवावे. त्यातच प्रत्येक मुलाच्या नोंदी, चाचण्यांचे गुण आणि वरून मागविलेली माहिती भरावयाची. मूल्यमापनाची वही भरते आणि ती वाचून शिकविण्यास वेळ उरत नाही. शिवाय भाषेची अडचण आहे. नागपूरच्या वस्त्यांत छत्तीसगडहून आलेल्या मजुरांची मुले आहेत. रामटेक तालुक्यातील देवलापारकडे गोंडी बोलणारी मुले आहेत. प्रश्नच ज्याला कळला नाही, त्याचे चुकलेले उत्तर गणिताच्या खात्यावर लिहिणे हा हिशेबातील खोटेपणा होय.

चाचण्यांचे आकडे शाळाशाळांची क्रमवारी लावण्यासाठी वापरले जाऊ लागले की आणखी एक अनर्थ ओढवतो. इंग्लंडात १८६२ पासून निकालावर अनुदान देण्याची पद्धत होती; शिक्षक तपासणीपुरती घोकंपट्टी करून घेऊ लागले. तीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले ह्यांनी निवेदन केले, त्यात बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी होती, आणि निकालावर पैसे देण्याची पद्धत अज्ञानात ठेवल्या गेलेल्या समाजांत शिक्षण पसरविण्यास योग्य नाही, असा इशाराही होता. शिक्षकाची भाकरी निकालाला बांधली तर ज्या मुलांना त्याची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याकडे तो जाणारच नाही. खालून पाहणाऱ्या माणसाला हे दिसले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. पाचवीत मुलाला मागे ठेवण्याचा नियम रद्द व्हावा, ह्यासाठी आवाज उठवावा; पण तेवढ्यावर थांबू नये. राज्यभरची स्थिती पाहण्यास नमुना-पाहणी पुरते, म्हणून प्रत्येक मुलावरील चाचण्यांचा भार कमी करून तो वेळ शिक्षकाला शिकविण्यासाठी परत द्यावा, ही मागणी करावी. दोन शिक्षकी शाळेला तिसरा शिक्षक आणि पहिल्या इयत्तांत मुलाच्या बोलीचा आधार, ह्या मागण्या तिच्याबरोबरच्याच आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. त्या सभेत बहुधा खिचडी, गणवेश आणि गळके छप्पर ह्यांवर चर्चा होते, ती व्हावीच. पण मोलमजुरी करणाऱ्या पालकाने तेथे उभे राहून एवढे विचारावे: गेल्या चाचणीत माझ्या मुलीला काय अडले, आणि त्यानंतर वर्गात शिकविण्यात काय बदल झाला? शिक्षकाने उत्तर द्यावे. त्याला देता येत नसेल, तर त्याच्यापाशी वेळ व साधने का नाहीत, हा प्रश्न पंचायत समितीकडे, महापालिकेकडे आणि तेथून मंत्रालयाकडे न्यावा. वर्ध्याच्या अहवालाने दाखविलेली चढण तीच आहे.