सेकंड हँड बीएस-६ पिकअप : बदनाम गाडी घ्यावी की नाही?

आजचा एपिसोड गाडीवर आहे, पण थार नाही आणि बुलेटही नाही. आज बोलायचंय पिकअपवर. तीच, जी सकाळी भाजी घेऊन मार्केटला जाते, दुपारी सिमेंटच्या गोण्या आणते आणि लग्नसराईत डीजे वाहते.

विषय घरातूनच आला. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, दिंडोरी तालुक्यात शेती करतो. टोमॅटो आणि थोडी द्राक्षं. दर सीझनला भाड्याच्या गाडीवर जाणारा पैसा बघून तो वैतागला होता. म्हणाला, "जुनी डिझेल पिकअप बघू. तू सोबत चल, तुला त्या सेन्सर-बिन्सरमधलं कळतं." बजेट साडेपाच लाख. त्यातले तीन लाख पतसंस्थेचं कर्ज. आता हिशोब बघा. ऐन सीझनमध्ये गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली तर माल भाड्याच्याच गाडीने जाणार, आणि हप्ता काही थांबणार नाही. त्यामुळे "बघू, लागली तर लागली" असं म्हणायची सोय नव्हती.

आणि गावात ज्याला विचारावं तो एकच सांगायचा. "काहीही घ्या, बीएस-६ डिझेल घेऊ नका. लाइट लागते, गाडी ओढत नाही, फिल्टरमध्ये पैसे जातात." आता हे खरं आहे का? थोडं खरं आहे. पण ते कोणाच्या बाबतीत खरं आहे, हे कळलं तर पुढचा अर्धा निर्णय सोपा होतो.

बदनामी आली कुठून?

देशभर बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला. आपण बीएस-४ वरून थेट ६ वर आलो, ५ मध्ये आलंच नाही. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणलं गेलं. आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक नवीन डबा आला : डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर.

हा डबा काय करतो? धुरातली काजळी आत अडवतो. पण गाळणी कधीतरी भरणारच ना? म्हणून ती काजळी आतल्या आत जाळायची सोय असते. त्याला म्हणतात रीजनरेशन. गाडी हायवेला एका लयीत चालत असेल, तर सायलेन्सर तापतो आणि बरीचशी काजळी आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडून तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि फिल्टर साफ करतो. याला सलग पंधरा-वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागतो.

आता विचार करा, पिकअप शहरात कशी चालते? दोन किलोमीटर चालली, थांबली. माल उतरवला, परत दोन किलोमीटर. रीजनरेशन सुरू होतं आणि ड्रायव्हर चावी काढतो. परत सुरू होतं, परत चावी काढतो. काजळी साचत जाते. मग डॅशबोर्डवर लाइट लागते. तिकडे दुर्लक्ष केलं की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. हेच ते गावातलं "गाडी ओढत नाही".

यात अजून एक भानगड आहे. काजळी जाळायला सोडलेलं डिझेल काही इंजिनांत थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं. रीजनरेशन पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. हो, वाढते! आपल्याला सवय आहे ऑइल कमी झालं का बघायची. इथे जास्त झालंय का तेही बघायचं.

म्हणजे गाडी खराब आहे असं नाही. ती चुकीच्या रूटवर चालली तर खराब होते. म्हणून जुनी बीएस-६ बघताना मी पहिला प्रश्न "रनिंग किती?" हा विचारत नाही. पहिला प्रश्न : "ही गाडी रोज कुठे जायची?"

आम्ही बघितलेल्या तीन गाड्या

पहिली, २०२१ ची. रनिंग ४८ हजार, रंग चकाचक, सीटवर अजून प्लॅस्टिक. दादा तर बघूनच खूश. रूट विचारला तर नाशिक शहरात पाण्याचे जार पोचवायची. म्हणजे दिवसभर गल्लीबोळ. डिपस्टिक काढली, ऑइल वरच्या खुणेच्याही वर. मग मी ओबीडी डोंगल लावलं. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात हे छोटं ब्लूटूथ यंत्र बसतं आणि फोनवर ॲपमध्ये माहिती दिसते. साधं डोंगल हजाराच्या आत-बाहेर मिळतं.

त्यात एरर एकही नव्हता. एजंट म्हणाला, "बघा, क्लीन आहे." पण त्याच ॲपमध्ये अजून एक आकडा असतो, "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली". तिथे होतं १४. चौदा किलोमीटर! म्हणजे कोणीतरी आज-कालच एरर पुसलेत. आमच्या कामात सर्व्हर पडला आणि लॉग रिकामे दिसले, तर कोणी "सगळं ठीक आहे" असं म्हणत नाही. "लॉग कोणी उडवले?" असं विचारतात. एरर पुसण्यामागे कधीकधी खरं कारण असतं, नुकतंच काम झालेलं असतं. पण मग त्या कामाचं बिल हवं. इथे बिल नव्हतं. आम्ही चहा पिऊन निघालो.

हा आकडा बऱ्याच गाड्यांत दिसतो, सगळ्यांत नाही. आणि तो जास्तीत जास्त ६५,५३५ पर्यंतच जातो. कोडिंगवाल्यांनो, का ते तुम्हाला कळलंच असेल. सोळा बिट!

दुसरी गाडी बीएस-४, २०१८ ची. मेकॅनिकची शिफारस होती, "साहेब, हिला फिल्टरचं डोकंच नाही." मुद्दा बरोबर. पण गाडीखाली झोपून बघितलं तर मागच्या पाट्यांच्या माउंटिंगजवळ चेसीला वेल्डिंग केलेलं. ओव्हरलोडची गाडी. आपल्याकडे हे कसं होतं बघा. टोमॅटोचं एक कॅरेट म्हणजे २० किलो माल, वर कॅरेटचं वजन. १,३०० किलोच्या गाडीत कायद्याने बसतात साधारण ६० कॅरेट. आणि मार्केटच्या रस्त्यावर तुम्ही काय बघता, ते मी सांगायला नको. शिवाय मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे जुन्या गाडीची स्वस्ताई तिथेही थोडी कमी होते. फिल्टर नाही म्हणून वेल्डिंग केलेली चेसी घ्यायची? नाही.

तिसरी गाडी, २०२१ ची बीएस-६. रनिंग १ लाख ६२ हजार. दादा म्हणाला, "अरे, ही तर घासून संपली." सीट फाटलेली, हौद्याला पोचे. पण मालकाने सांगितलं, गाडी रात्री भाजी घेऊन वाशी मार्केटला जायची. नाशिकहून वाशी म्हणजे एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या वर. जाताना माल घेऊन, येताना कसारा घाट चढून. फिल्टरला याच्यापेक्षा चांगला व्यायाम नाही.

सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवलं, जवळजवळ स्वच्छ. ही खूण लक्षात ठेवा. डीपीएफ धड असेल तर टोकाला काजळीचा थर बसत नाही. बोट काळंकुट्ट निघालं तर एकतर फिल्टर फुटलाय, नाहीतर कोणीतरी आतून काढून टाकलाय. डब्यावर कापून परत वेल्डिंग केल्याची रेघ दिसते का तेही बघा. ऑइल खुणांच्या मध्ये. कोड पुसल्यापासून ९ हजारांहून जास्त किलोमीटर, आणि नवीन एरर नाही. सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये, त्यात ऑइलचा ग्रेडही लिहिलेला.

ऑइलचा ग्रेड का बघायचा? काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून या गाड्यांना मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच ऑइल लागतं. स्वस्तातलं टाकलं की फिल्टरचं आयुष्य घटतं.

क्लच मात्र गेलेला होता. घाटात लोड घेऊन चालणाऱ्या गाडीत हे अपेक्षितच आहे. तो खर्च किमतीतून कमी करून घेतला.

"काढून टाका ना फिल्टर!"

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार. "डीपीएफ काढा, कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर मारा, विषय संपला." विषय संपत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. पीयूसी आणि पासिंगला तुम्ही अडकू शकता. कोणीतरी घाईत मारलेलं सॉफ्टवेअर इंजिन कसं चालवतंय, ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. आणि त्या फिल्टरने जी काजळी अडवली असती, ती मार्केटच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते. बऱ्याचदा तो माणूस आपल्याच गावचा असतो.

कागद, म्हणजे खरी परीक्षा

इंजिन दुरुस्त होतं. कागद अडकले तर वर्ष जातं. त्यामुळे बयाणा देण्याआधी एवढं करा.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पासिंग, इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत आहे ते बघा. ई-चलान किती थकलेत ते बघा. आमच्या गाडीवर होते, आणि "नंतर भरतो" असं मालक म्हणाले. दादाने हसत सांगितलं, "काका, तुम्ही आधी भरा, मग मी नंतरचं बोलतो."

आरसीवर फायनान्सचा बोजा आहे का बघा. असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. "हप्ते संपलेत" हे तोंडी चालत नाही, बोजा आरसीवरून उतरला पाहिजे.

ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोटरी केली म्हणजे गाडी नावावर झाली, असं समजू नका. आणि गाडी विकणारे कोणी ऐकत असाल तर हे तुमच्यासाठी : सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक धरला जाईल. गाडी तुम्ही कधीच विकलेली असेल, पण नाव तुमचं असेल, तर अपघाताची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते.

आरसीवर एकूण वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यू, किती लिहिलंय ते वाचा. ३,००० किलोच्या वर असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागतं. लायसन्सचं टेन्शन मात्र कमी आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानेही मान्य केलंय.

मग घ्यायची का?

आम्ही तिसरी घेतली. पण लगेच तुम्हीही घ्या असं मी म्हणणार नाही, कारण उत्तर तुमच्या रूटवर आहे. दादाचा रोजचा रूट आहे गाव ते पिंपळगाव बसवंत, वीस-पंचवीस किलोमीटर. बऱ्यापैकी मोकळा रस्ता आहे. अडचण आहे ती मार्केटच्या रांगेची. तिथे गाडी तासभर चालू ठेवून उभी केली की काजळी साचते. म्हणून नियम ठरलाय : रांगेत इंजिन बंद. आठवड्यातून एकदा तरी हायवेला लांबची फेरी, वाशीचं भाडं मिळालं तर उत्तमच. फिल्टरची लाइट लागली तर चावी काढायची नाही, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे महामार्गाला अर्धा तास एका लयीत चालवून आणायची. आणि तरी लाइट गेली नाही तर त्याच दिवशी वर्कशॉप, "पुढच्या आठवड्यात बघू" नाही.

तुमचं काम फक्त शहरात असेल, दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील, तर डिझेल बीएस-६ कितीही स्वस्त मिळू दे, सोडा. सीएनजी किंवा पेट्रोलचा छोटा टेम्पो बघा. आणि तुमचा रूट लांबचा असेल, तर गावाच्या बोलण्यावर चांगली गाडी हातची घालवू नका. बदनामीमुळे तिची किंमत कमी झालेली असते, तो फायदा तुमचा आहे. फक्त रूट विचारा, डिपस्टिक बघा, बोट फिरवा, डोंगल लावा आणि कागद वाचा. एवढ्याला अर्धा दिवस लागतो. हप्ते चार वर्षं भरायचे असतात.

तुमच्या घरी पिकअप असेल तर ती रोज कुठे जाते आणि लाइट किती वेळा लागली, एवढं व्हॉइस मेसेजवर पाठवा. चांगले अनुभव पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू. आणि हा एपिसोड घरातल्या त्या माणसाला नक्की फॉरवर्ड करा, जो सध्या रोज संध्याकाळी जुन्या गाड्यांचे फोटो बघत बसतो. चला, भेटू. गाडी सावकाश चालवा!